सोन्यात घातले असते तर कुणी विचारलं नसतं

पत्र थोडक्यात असं: गोरेगावहून एका वाचक ताईंनी लिहिलं आहे. वय ५४, विमा कंपनीत नोकरी, निवृत्तीला सहा वर्षं. वन बीएचके, दुसरा मजला, हॉल १० बाय १४ फूट. घरात नवरा, नोकरीला लागलेला मुलगा आणि ८२ वर्षांच्या सासूबाई. कर्ज नाही, मेडिक्लेम आहे. लग्नाआधी नऊ वर्षं एका बाईंकडे शास्त्रीय गाणं शिकल्या, मग ते सुटलं. वडिलांच्या साठेक रेकॉर्ड्स आणि दोन खोके कॅसेट्स माळ्यावर आहेत. ऑफिसातली भिशी आणि एक आरडी मिळून ३ लाख २० हजार हातात आलेत. गेल्या महिन्यात एका शोरूममध्ये त्यांनी ३ लाख ८० हजारांची हाय-फाय म्युझिक सिस्टिम ऐकली. "बाईंच्या मागे बसून मी तंबोरा छेडायचे, तेव्हा वाजायचा तस्साच वाजला. चाळीस मिनिटं कुणी हाक मारली नाही. डोळ्यांतून पाणी आलं." विक्रेता म्हणतो, तीन लाखांच्या खाली खरं हाय-फाय सुरूच होत नाही. मुलगा म्हणतो, २० हजारांचा साउंडबार (टीव्हीखालचा लांबट स्पीकर) पुरे. नवरा म्हणतो, "आता या वयात?" बहीण म्हणते, सोनं घे. "याच पैशांच्या बांगड्या केल्या असत्या तर घरात कुणी प्रश्न विचारला नसता," असं त्या लिहितात, आणि विचारतात: "किती खर्च केला म्हणजे तो चुकीचा ठरणार नाही?"

ताई,

बांगड्यांचं ते वाक्य मी तीनदा वाचलं. खरं आहे ते. बाईने सोनं घेतलं की तिने घरासाठीच काहीतरी केलं, असं सगळे धरून चालतात. अडीनडीला मोडता येतं, सुनेच्या हातात घालता येतं. गाणं ऐकायची वस्तू मात्र तुमच्या एकटीच्या आवडीची, म्हणून तिच्यासाठी कारण द्यावं लागतं. तुमच्या "किती?"मध्ये मला त्यामुळे दोन प्रश्न ऐकू येतात. एक पैशांचा आहे. दुसरा, स्वतःच्या सुखावर एवढी रक्कम घालायची मला मुभा आहे का, हा. दुसऱ्याचं उत्तर आधी देते: आहे. औषधपाण्याची आणि निवृत्तीची सोय बाजूला ठेवलेली असली आणि या खरेदीसाठी हप्ता लावायचा नसला, तर पुढे कुणाची परवानगी लागत नाही. तुमच्या पत्रावरून दोन्ही जमलेलं दिसतं.

सोन्याशी तुलना करायचीच तर सरळ करू. हाय-फाय ही गुंतवणूक नाही. ते घरी आलं की त्याची किंमत उतरते, आणि पुढे विकायला काढलंत तर निम्मे पैसे आले तरी खूप. खर्चाच्या वहीत ते सहलीच्या शेजारी लिहायचं. पण सहल आठ दिवसांत संपते आणि चांगले स्पीकर नीट वापरले तर वीस वर्षं सहज वाजतात. समजा दीड लाख घातले आणि रोज एक तास ऐकलं, तर दहा वर्षांत ३,६५० तास होतात. तासाला साधारण ४१ रुपये पडले. हेच आठवड्यातून एकदा ऐकलंत तर तोच तास २८८ रुपयांना जातो. म्हणजे किंमत स्वस्त की महाग हे शोरूममधल्या चिठ्ठीवर ठरत नाही, तुम्ही त्याच्यासमोर किती वेळ बसता यावर ठरतं. म्हणून आकड्याच्या आधी मला तुमचा तास हवा आहे. तुमच्या घरात तो कुठे आहे?

आता त्या चाळीस मिनिटांकडे वळू. शोरूमची ती खोली आठवून बघा. खाली जाड गालिचा, भिंतींवर मऊ आवरणं, दार बंद, रस्त्याचा आवाज नाही. खुर्ची दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये. हातात काम नाही, गॅसवर कुकर नाही, "अगं, माझा चष्मा कुठे?" नाही. तुम्हीच लिहिलंय, कुणी हाक मारली नाही. ताई, तुमच्या डोळ्यांत पाणी आलं ते खरंच आहे, त्याची लाज बिलकूल वाटू देऊ नका. पण त्या पाण्यात त्या यंत्राचा वाटा किती आणि सलग मिळालेल्या चाळीस मिनिटांचा किती, हे जरा वेगळं काढून बघायला हवं. ती खोली आणि ती शांतता ३ लाख ८० हजारांत घरपोच येत नाही.

अजून एक गोष्ट तिथे घडली असणार. तुम्ही घरी ऐकता त्यापेक्षा आवाज मोठा असणार. आवाज लहान असताना माणसाच्या कानाला खालचे आणि वरचे सूर मधल्या सुरांच्या मानाने कमी ऐकू येतात. अमेरिकेत फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. व्हॉल्यूम थोडा चढवला की गाणं आपोआप भरदार, जवळचं वाटू लागतं. दोन सिस्टिम शेजारी ठेवून दाखवताना महागड्या सिस्टिमचा आवाज केसभर मोठा असला तरी तीच "स्वच्छ" वाटते. विक्रेता मुद्दाम करतो असं मी म्हणत नाही. पण दोन्हींचा आवाज सारखा करायला सांगण्याचा हक्क तुमचा आहे, आणि तो वापरा.

खोलीचं महत्त्व मी स्वतः पैसे घालवून शिकले. २००९ मध्ये दादरच्या आमच्या जुन्या घरासाठी मी सिस्टिम घेतली. एका दुकानदाराने गळ्यात मारला म्हणून दोन तृतीयांश पैसे आवाज मोठा करून स्पीकरला देणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरवर घातले, आणि उरलेल्यात बसतील ते स्पीकर आणून कपाटावर, भिंतीला टेकवून ठेवले. चार वर्षं डग्गा नुसता गुरगुरायचा आणि गाण्याचे शब्द पुसल्यासारखे यायचे. मला वाटायचं अ‍ॅम्प्लिफायर अजून वरचा हवा. मग एका जुलैत संततधार लागली, गॅलरीत काही वाळेना, म्हणून मी तीन गोधड्या हॉलमध्येच दोरी बांधून वाळत घातल्या. संध्याकाळी सवयीने गाणं लावलं आणि हातातला तांदळाचा डबा तसाच राहिला. बोल स्वच्छ, आलापातला श्वास ऐकू येतोय. तेच स्पीकर, तोच अ‍ॅम्प्लिफायर. पुढच्या रविवारी स्पीकर कपाटावरून उतरवून दोन स्टुलांवर, भिंतीपासून दीड फूट पुढे ठेवले, आणि डग्ग्याची गुरगुरही गेली. खर्च शून्य. त्या चार वर्षांची हळहळ मला अजून वाटते, म्हणून तुम्हाला हे इतकं लांबण लावून सांगतेय.

तुमच्या हॉलचंच बघा. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये दहा फूट अंतर असलं की ५६ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५६ कंपनांच्या, आसपासचा सूर त्या खोलीत स्वतःहून घुमतो. चौदा फुटांच्या बाजूला तेच ४० हर्ट्झच्या आसपास होतं. त्यामुळे मोठे, जमिनीवर उभे राहणारे टॉवर स्पीकर अशा हॉलमध्ये आणले की खालचा सूर खोलीभर फुगतो, आणि तो स्लॅबमधून वरच्या-खालच्या घरातही जातो. शोरूममधली ती सिस्टिम टॉवरवाली होती, असं तुम्ही कळवलं आहे. ती तुमच्या हॉलसाठी महागच नाही, चुकीचीही आहे. मुंबईच्या फ्लॅटमध्ये खाली टाइल्स, समोर काच, भिंती उघड्या. एकदा हॉलच्या मध्यात उभं राहून जोरात टाळी वाजवा. मागून झणझण रेंगाळली तर गाण्याचंही तसंच होणार. सतरंजी किंवा गालिचा अंथरा, जाड पडदे लावा, तुमच्या पाठीमागच्या भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट ठेवा. हे सगळं दहा-पंधरा हजारांत होतं आणि आवाजात जेवढा फरक पाडतं, तेवढा फरक सिस्टिमवर लाखभर जास्त घालूनही पडेल याची खात्री नाही.

तुमचं ऐकणं शास्त्रीय गाण्याचं आहे, आणि इथे तुमच्या बाजूने एक चांगली गोष्ट आहे. तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून तुमच्याच भाषेत सांगते. गायकाने काळी एकची पट्टी लावली तर त्याचा मध्य षड्ज, म्हणजे मधला सा, साधारण १३९ हर्ट्झ. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या सप्तकभर खाली, म्हणजे ६९ हर्ट्झ. बाईंची काळी पाच असेल तर खर्ज ११७ हर्ट्झच्या आसपास थांबतो. म्हणजे तंबोऱ्यासाठी तुम्हाला साठ-सत्तर हर्ट्झपर्यंत स्वच्छ उतरणारा स्पीकर हवा, आणि टेबलावर मावणारे बरे बुकशेल्फ स्पीकर तिथवर व्यवस्थित पोचतात. पियानोचा सर्वांत खालचा सूर २७.५ हर्ट्झचा असतो, चर्चमधल्या मोठ्या ऑर्गनच्या बत्तीस फुटी नळीचा १६. ज्यांना ते ऐकायचंय त्यांनी खालच्या सुरांवर पैसे ओतावेत. तुम्हाला फक्त खालच्या सुरांसाठी असलेल्या वेगळ्या सबवूफरची गरज नाही. तुम्हाला हवी आहे जवारी. तंबोऱ्याच्या घोडीवर दोऱ्याचा तुकडा सरकवत बाई जो झंकार उघडायच्या, तो मधल्या आणि वरच्या सुरांत असतो. तिथे स्पीकर खरा हवा. तिथेच स्पीकरची निवड कामी येते, आणि तिथेच पैसे घालायचे.

वरच्या टोकाचंही सांगून टाकते. माणसाचा कान तरुणपणी वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो असं म्हणतात, पण पन्नाशीनंतर बहुतेकांचं बारा-चौदा हजारांच्या पुढचं जवळजवळ गेलेलं असतं. माझंही गेलंय. सीडी १९८२ मध्ये बाजारात आली, ती सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची नोंद घेते आणि त्यात वीस हजार हर्ट्झपर्यंतचं सगळं मावतं. तेव्हा सेकंदाला ९६ हजार किंवा १ लाख ९२ हजार नोंदींच्या, म्हणजे ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झच्या "हाय-रेझ"साठी कुणी जास्तीचे पैसे मागितले तर नमस्कार करा. आणि १९०२ पासूनची आपल्याकडची जी जुनी ध्वनिमुद्रणं आहेत, त्यांत १९२५ पर्यंत तर मायक्रोफोनही नव्हता, गायक कर्ण्यात गायचे. अशा मुद्रणात जे टिपलंच गेलं नाही, ते पाच लाखांची सिस्टिमही बाहेर काढत नाही. उलट खरखर मात्र जास्त स्पष्ट ऐकवते.

मग आकडा. तुमच्या हॉलसाठी आणि तुमच्या गाण्यासाठी मी एक ते सव्वा लाख म्हणेन. रेकॉर्ड्सची सोय धरून दीड लाख, त्यावर जाऊ नका. यातला निम्मा पैसा स्पीकरच्या जोडीवर. उरलेल्यातले तीस-पस्तीस हजार अ‍ॅम्प्लिफायरला, आणि बाकीच्यात मोबाईलमधलं गाणं अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत नेणारा छोटा स्ट्रीमर, स्पीकरचे स्टँड आणि वायर. शोरूममधला माणूस "तीन लाखांच्या खाली हाय-फाय नाही" म्हणतो, ते त्याच्या दुकानातल्या मालाबद्दल खरं असेल. कानाबद्दल नाही. साधारण वीस हजारांवरून एक लाखावर गेलं की जो फरक पडतो तो कुणालाही, तुमच्या सासूबाईंनाही कळेल. एकावरून तीनवर गेलं की फरक असतो, पण तो शोधावा लागतो, आणि शोधायला वर सांगितल्यासारखी खोली लागते.

अ‍ॅम्प्लिफायरच्या वॉटची भीती घेऊ नका. साधारण स्पीकर एका वॉटमध्ये मीटरभर अंतरावर ८५ ते ८८ डेसिबल आवाज देतात. तुम्ही सहा-सात फुटांवर बसून घरगुती आवाजात ऐकणार, तेव्हा बहुतेक वेळ एक वॉटसुद्धा खर्च होत नाही. तबल्याची एखादी थाप, तार षड्ज, एवढ्यापुरती दहा-पंधरा वॉटची उडी. ४०-५० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर भरपूर झाला. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त तीन डेसिबल वाढतो, पैसे बरेच वाढतात. आणि डोळे झाकून, आवाजाची पातळी तंतोतंत जुळवून ऐकवलं तर दोन बऱ्या अ‍ॅम्प्लिफायरमधला फरक ओळखणं भल्याभल्यांना जड जातं. स्पीकरच्या बाबतीत तसं होत नाही, ते लगेच वेगळे ओळखू येतात.

वायर. तुम्हाला बजेटच्या दहा टक्के वायरवर घाला असं सांगितलं गेलंय. दहा-बारा फुटांसाठी मीटरवर मिळणारी दीड किंवा अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घ्या. विषय संपला.

दुकानात जाताना एकट्या जाऊ नका, पण घरच्यांनाही नेऊ नका. गाण्यातली एखादी मैत्रीण न्या. आपली तीन ध्वनिमुद्रणं बरोबर ठेवा, त्यांतलं एक तरी जुनं, किरकिरं असू द्या, कारण घरी तेही वाजणार आहे. दुकानातल्या चकाचक नमुना सीडीवर निर्णय करू नका, तिच्यावर सगळंच छान वाजतं. प्रत्येक जोडी वीसेक मिनिटं ऐका. पहिल्या दोन मिनिटांत जो स्पीकर चमकदार वाटतो, तो कधीकधी अर्ध्या तासाने कानाला टोचायला लागतो. त्या दिवशी काहीही विकत न घेता घरी या. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात भाव करून मिळतं हे खरं, पण पक्कं बिल आणि मुंबईत दुरुस्तीची सोय आहे का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. परदेशातून कुणीतरी परस्पर आणलेला माल स्वस्त पडतो, बिघडला की कंपनी हात लावत नाही.

जुनं घ्यायचं मनात असेल तर एक खूण सांगते. स्पीकरच्या कोनाच्या, म्हणजे समोरच्या हलणाऱ्या पडद्याच्या, कडेला जी मऊ गोल पट्टी असते ती फोमची की रबराची, ते बघा. फोम मुंबईच्या दमट हवेत दहा-पंधरा वर्षांत पिठासारखा होतो, बोट लावलं की काळी भुकटी निघते. रबराची पट्टी टिकते. नवे स्पीकर घेतानाही रबराचीच बघून घ्या. नोकरीसाठी परदेशी निघालेली माणसं चांगले स्पीकर निम्म्या किमतीला देऊन जातात, आणि स्पीकरमध्ये बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. अ‍ॅम्प्लिफायर मात्र शक्यतो नवा घ्या.

तुमच्या वडिलांच्या रेकॉर्ड्सबद्दल मला काळजी वाटते, म्हणून वेगळं लिहिते. त्या आधी माळ्यावरून उतरवा. मे महिन्यातल्या माळ्याच्या उकाड्याने तबकड्या वाकतात आणि पावसाळ्यात त्यांना बुरशी लागते. आडव्या चळतीत ठेवू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. एलपी असतील तर डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापडाने, खाचांच्या दिशेने गोल फिरवत पुसा, मधल्या कागदावर पाणी जाऊ देऊ नका. पण त्यात ७८ आरपीएमच्या जाड, जड, लाखेच्या तबकड्या असतील तर त्यांना चुकूनही स्पिरिट लावू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, गाणं पुसलं जातं ते कायमचं. त्यांना सुईही वेगळी, रुंद लागते. एलपीच्या सुईने त्या वाजवायच्या नाहीत.

रेकॉर्ड वाजवायचं टर्नटेबल लगेच घेऊ नका. आधी एखाद्या ओळखीच्या घरी त्या रेकॉर्ड्स लावून बघा. वीसएक जरी नीट वाजणाऱ्या निघाल्या तर पंचवीस-तीस हजारांचं टर्नटेबल घ्यायला माझी हरकत नाही. आवाज त्याने "जास्त चांगला" होतो म्हणून नव्हे. तुम्ही ती तबकडी दोन्ही तळव्यांच्या कडांनी धरून ठेवाल, बावीस-तेवीस मिनिटांनी उठून बाजू उलटाल, आणि मधल्या वेळात मोबाईल बघणार नाही. वडील अशीच उलटत असतील ना? कॅसेट्सचं काम मुलाला द्या. एक चालू डेक मिळवून त्या कॉम्प्युटरवर उतरवून घेणं हे दोन रविवारांचं काम आहे. फिती दरवर्षी खराब होत जातात, त्यामुळे सिस्टिमच्या आधी हे उरकून घ्या. त्यातल्या एखाद्या कॅसेटवर तुमचाच आवाज असू शकतो. शिकणाऱ्या मुलींच्या घरी असतातच अशा.

आता घरचे. मुलगा साउंडबार म्हणतो तेव्हा तो टीव्हीचा विचार करतोय. त्याच्या प्रश्नाला त्याचं उत्तर बरोबर आहे, सासूबाईंना मालिकेतले संवाद नीट ऐकू येतील. पण घेताय त्या अ‍ॅम्प्लिफायरला टीव्हीचा आवाज घेणारी ऑप्टिकल जोडणी असेल तर टीव्हीही त्याच स्पीकरवर वाजेल, आणि त्यांचीही सोय होईल. एवढं एक बघून घ्या. नवऱ्याचं "आता या वयात?" मला तितकंसं वाईट वाटत नाही. कदाचित तुम्ही २७-२८ वर्षांत गाण्याबद्दल घरात काही बोललाच नसाल, आणि त्यांना ते अचानक कुठून आलं कळत नसेल. त्यांना एकदा शेजारी बसवून काय ऐकायचं ते सांगा. आवडलं तर आवडलं. पण एक विनंती आहे. आपल्याकडे बायका किंमत सांगताना आकडा खाली आणतात. दीड लाखाचं ऐंशी हजार होतं, "सेलमध्ये मिळालं" होतं. तुम्ही खरा आकडा सांगा. खोटा सांगितलात तर प्रत्येक वेळी बटण दाबताना ते मनात येईल.

हॉल सगळ्यांचा आहे हेही तितकंच खरं. साडेसात ते साडेनऊ मालिका, मग जेवणं. रात्री दहा ते सकाळी सहा निवासी भागात आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसा ५५. नियम बाजूला ठेवला तरी भिंतीला भिंत लागून राहणाऱ्यांना दहानंतर डग्गा ऐकवू नये. म्हणून माझा प्रश्न परत तिथेच येतो, तुमचा तास कुठला? शनिवारी दुपारी? नवरा आणि सासूबाई फिरायला जातात तेव्हा? हॉल कधीच मोकळा मिळत नाही असं निघालं, तर एवढी सिस्टिम आणून ती शोकेससारखी बघत बसण्यापेक्षा पंधरा-वीस हजारांचे चांगले वायरचे हेडफोन घ्या. त्यांत खोलीचा प्रश्नच येत नाही. त्यांच्यात मोठमोठ्या स्पीकरइतकं बारीक ऐकू येतं. तंबोरा पाठीत शिरत नाही, एवढंच.

हेच विचारणारी आणखी पत्रं येतात, त्यांच्यासाठी इथेच दोन शब्द. अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहत असाल तर जड सामान जमवू नका. ज्यांच्या आतच अ‍ॅम्प्लिफायर असतो असे अ‍ॅक्टिव्ह स्पीकर पंचवीस-तीस हजारांत येतात, मोबाईल जोडला की झालं, आणि घर बदलताना दोन खोक्यांत मावतात. पहिल्या नोकरीतल्या मुलामुलींनी "एकदाच घेऊ, भारी घेऊ" म्हणत हप्त्यावर दोन-तीन लाखांचं घेऊ नये. तुम्ही काय ऐकता हे पुढच्या पाच वर्षांत दोनदा बदलणार आहे. आणि ज्यांच्याकडे वडिलांच्या काळचे भक्कम लाकडी स्पीकर अजून आहेत, त्यांनी ते भंगारात देण्याआधी एखाद्या कारागिराकडून त्यांच्या पट्ट्या बदलून बघाव्यात.

ताई, शेवटी एक विचारायचं राहिलंय, आणि ते विचारू की नको असं मला दोन दिवस वाटत होतं. तुम्ही लिहिलंत, "मी तंबोरा छेडायचे, तेव्हा वाजायचा तस्साच." ऐकायचे, असं नाही लिहिलंत. दीड लाखाच्या आत सिस्टिम बसली तर तुमच्याकडे दीडपेक्षा जास्त लाख उरतात. मिरजेत अजून तंबोरे घडतात, तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. एखाद्या शनिवारी तिथे जाऊन या. घ्यायलाच हवा असं नाही. कारागिराने तार जुळवून दिली की मांडीशी घेऊन पाच मिनिटं छेडा आणि काय होतं ते बघा. सिस्टिम घेऊच नका असं मी म्हणत नाहीये. ऐकणं आणि गाणं यांतलं कोणतं तुम्हाला जास्त हवंय, हे कळलं तर पैसे कुठे जायला हवेत तेही कळेल. दोन्ही हवं असेल तर दोन्हींना पुरतील एवढे आहेत.

आणि तोवर एक महिना असं करा. हेडफोन सहा-सात हजारांचे घ्या, ते पुढेही कामाला येतील. रोज एक तास, त्याच खुर्चीत, गाणं लावून बसायचं. भाजी निवडत नाही, इस्त्री करत नाही, नुसतं बसून. ज्या दिवशी जमेल त्या दिवशी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पेन्सिलने छोटी खूण करा. दुधाच्या हिशेबाशेजारी जागा असतेच. महिना संपला की खुणा मोजा. वीसच्या वर असतील तर सतरंजी घ्या, टाळी वाजवून बघा, आणि मग दुकानात जा. दहाच्या खाली असतील तर मला परत लिहा. त्या वेळी आपण स्पीकरबद्दल बोलणार नाही. तुमचा दिवस कुणाकुणाकडे जातो, त्याबद्दल बोलू.